मागच्या चाकाचा हब (चाकाचा मधला गोल भाग) सारखा ढिला होतोय

सायकलवेडा: मागचं चाक हाताने धरून हलवलं की डुगडुगतं. कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) घट्ट करतो, चेकनट (कोन जागेवर लॉक करणारा बाहेरचा नट) आवळतो, चार दिवस बरं चालतं की परत तेच! तीनदा झालं, आता वैताग आलाय. छर्रे नवीन टाकलेत, ग्रीसपण भरपूर आहे, मग चुकतंय कुठे?

पाना१५: कोनला पातळ पाना लावता का? नुसता चेकनट फिरवला तर कोनपण सोबत फिरतो आणि लॉक बसतच नाही. कोन एका पान्याने धरून ठेवायचा आणि चेकनट दुसऱ्याने त्याच्यावर कचकून आवळायचा.

सायकलवेडा: तसंच करतो हो, डाव्या बाजूला.

जुनी_चेन: मग उजवी बाजू बघा राव! फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या मागच्या दातेरी चकतीच्या) आड असते म्हणून कोणी हात लावत नाही, माझंपण असंच झालेलं, दोन महिने डावीकडेच झटापट करत बसलो आणि ढिला होता तिकडचा चेकनट. चाक काढा, फ्रीव्हील उतरवा, उजवीकडचा कोन-चेकनट आधी पक्का लॉक करा, मग सगळं ॲडजस्टमेंट डावीकडून. आणि एक्सल (हबमधला दांडा) काढलाच आहे तर काचेवर गडगडवून बघा, वाकडा असेल तर लगेच कळतं.

पाना१५: बरोबर. कोनवर खड्डे पडलेत का तेपण बघा, पडले असतील तर बदलाच.

सायकलवेडा: उजवा चेकनट चक्क बोटाने फिरला!! 🤦 एक्सल सरळ आहे.