मदत हवी आहे : अँटेनावर सगळं दिसतंय, ७ नंबरच येत नाही

वैतागवाडी :
नमस्कार मंडळी. केबल बंद करून आठ महिने झाले, आम्हा दोघांचं काही अडत नाही कारण बघायला वेळ कुणाला आहे, पण शनिवारी सासू-सासरे येतायत सांगलीहून इकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आणि सासऱ्यांचा नियम असा की सकाळी ७ नंबरवरचं, म्हणजे एबीसी वाहिनीवरचं, हवामान बघितल्याशिवाय फिरायला बाहेर पडायचं नाही. मागच्या वेळी केबल होती त्यामुळे प्रश्न नव्हता. आता मी तो कागदासारखा चपटा अँटेना मागवला, खोक्यावर ठळक अक्षरात २५० मैल लिहिलंय, लावला, स्कॅन केलं, पन्नासेक चॅनेल आले, त्यातले निम्मे स्पॅनिश आणि दागिने विकणारे, पण ७ नाही म्हणजे नाहीच. काल रात्री साडेअकरापर्यंत स्टुलावर उभी होते. कुठला अँटेना घेऊ? लिंक टाका, आज ऑर्डर केला तर शुक्रवारी हातात पडेल.

निवांत :
कुठे राहता? घर की अपार्टमेंट? कितवा मजला? अँटेना नेमका कुठे लावलाय?

सोटा :
भाऊ, ते २५० मैल म्हणजे शुद्ध थाप आहे. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांच्या पुढे सिग्नल क्षितिजाखाली जातो, मग खोक्यावर काय वाट्टेल ते छापा. परत करून टाका आणि छपरावर चांगला मोठा यागी चढवा, आपल्याकडे गच्चीवर असायचा तसा माशाच्या काट्यासारखा. मी २०१२ ला लावला, आजतागायत हात लावला नाही.

पोहेवाला :
अँटेना कसला लावताय या जमान्यात. यूट्यूब टीव्ही घ्या, सगळे लोकल चॅनेल येतात, विषय संपला.

वैतागवाडी :
@सोटा भाऊ नाही, ताई. @पोहेवाला महिन्याला ८३ डॉलर देऊन हवामान बघायचं असतं तर केबल काय वाईट होती? @निवांत न्यू जर्सी. अँटेना खिडकीला लावलाय.

निवांत :
ताई, न्यू जर्सीत फोर्ट ली पण येतं आणि चेरी हिल पण. एकाला न्यूयॉर्क दिसतं, दुसऱ्याला फिलाडेल्फिया. गाव सांगा.

वैतागवाडी :
एडिसन. टाउनहाऊस, टीव्ही खालच्या हॉलमध्ये. खिडकी मोठी आहे, दुपारचं छान ऊन येतं.

काका_ओहायो :
टीव्हीच्या सेटिंगमध्ये अँटेना आणि केबल असे दोन पर्याय असतात. चुकून केबलवर स्कॅन केलंत का? आमच्या जावईबापूंनी दोन दिवस तेच केलं होतं.

वैतागवाडी :
काका, पन्नास चॅनेल आलेत म्हणजे अँटेनावरच असणार ना. एवढं कळतं.

निवांत :
एक तपासून सांगा. ११ आणि १३ येतात का? आणि २, ४, ५ कसे येतात?

वैतागवाडी :
२, ४, ५ काचेसारखे स्वच्छ. ११ लागतो पण मध्येच चौकोन चौकोन होऊन अडकतो. १३ यादीत नाहीच. तुम्हाला कसं कळलं??

निवांत :
मग अँटेना बिघडलेला नाही, जातच चुकली. स्क्रीनवर दिसणारा नंबर आणि हवेतला खरा चॅनेल वेगळे असतात. २ म्हणजे डब्ल्यूसीबीएस प्रत्यक्षात ३६ वर येतो, ४ नंबर ३५ वर. हे यूएचएफ, म्हणजे लहर आखूड असलेला पट्टा. तुमचा चपटा कागद त्यासाठीच बनवलेला आहे. पण ७ खरंच ७ वर आहे, ११ खरंच ११ वर, आणि १३ येतो १२ वर. हे तिन्ही व्हीएचएफ, त्यांची लहर लांब असते, त्यामुळे कागदाला ती नीट पकडता येत नाही. २००९ च्या जूनमध्ये जुनं अ‍ॅनालॉग बंद झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं व्हीएचएफ संपलं. संपलं नाही. दुसरी गोष्ट, दुपारचं ऊन येतं म्हणजे तुमची खिडकी नैर्ऋत्येला आहे. ज्या इमारतींवरून हे चॅनेल येतात त्या एम्पायर स्टेट आणि वर्ल्ड ट्रेड तुमच्या ईशान्येला, साधारण सत्तावीस मैल. तुम्ही अँटेनाला न्यूयॉर्ककडे पाठ करून बसवलंय.

झुळूक :
मग पाठ फिरवायची कशाला, नैर्ऋत्येला फिलाडेल्फिया आहे ना, तिकडचा ६ नंबर पण एबीसीच आहे. तोच पकडा.

निवांत :
आगीतून फुफाट्यात. तो ६ खरोखरच ६ वर आहे, म्हणजे व्हीएचएफचाही खालचा पट्टा, त्याला याच्या दुप्पट लांबीच्या दांड्या लागतात. वर अंतर पन्नास मैलांच्या पुढे. आणि सासऱ्यांना फिलाडेल्फियाचं हवामान दाखवून एडिसनमध्ये फिरायला पाठवणार का?

सोटा :
म्हणूनच म्हणतो यागी. छपरावर.

झुळूक :
टाउनहाऊसच्या छपरावर एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, चढू देईल का?

कायदेपंडित :
देईलच. एफसीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी दूरसंचार आयोगाचा, १९९६ चा नियम आहे, तुमच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेवर, म्हणजे स्वतःची बाल्कनी, पॅटिओ, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला एचओए नाही म्हणू शकत नाही. एक मीटरपर्यंतची डिशसुद्धा यात येते. मात्र छप्पर सामायिक असेल तर हा नियम तुमच्या कामाचा नाही. आमच्या कॉलनीत यावरून दोन वर्षं पत्रव्यवहार झाला, फाइल अजून माझ्याकडे आहे, कुणाला मसुदा हवा असल्यास सांगा.

वैतागवाडी :
मला मसुदा नको, ७ नंबर हवाय. आणि नवरा छपरावर चढणार नाही, तो बल्ब बदलायलासुद्धा शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही.

भाऊसाहेब_नाशिक :
डीडी फ्री डिश लावा. एकदाच खर्च, महिन्याला एक रुपया नाही. आम्ही गावाकडे तेच लावलंय. झी मराठी दिसेल का ते मात्र आधी विचारून घ्या.

काका_ओहायो :
भाऊसाहेब, तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. न्यू जर्सीतून तो बघायचा तर डिश जमिनीत पुरावी लागेल.

पोहेवाला :
अँटेना म्हटलं की आठवतं, आमच्या पुण्यात सगळे अँटेने सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून असायचे. मी गच्चीवर, बहीण जिन्यात, आई खाली टीव्हीसमोर. मी पाइप फिरवणार, आई म्हणणार आलं, बहीण ओरडणार आलं, ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा गेलेलं असायचं. वर कावळा बसला की आख्ख्या वाड्याचा रविवार बुडायचा.

झुळूक :
आमच्याकडे कावळा नाही, पतंग अडकायचा.

वैतागवाडी :
मंडळी. शनिवार.

निवांत :
ताई, महागडं काही घेऊ नका. कुठल्याही मोठ्या दुकानात दोन दांड्यांचा कानवाला अँटेना मिळतो, मध्ये यूएचएफसाठी गोल कडी असते, पंधरा-वीस डॉलर. दांड्या ओढून पूर्ण लांब करू नका, सगळे तीच चूक करतात. ७ ला एक दांडी साधारण १६-१७ इंच लागते, ११ आणि १३ ला साडेचौदाच्या आसपास. मधलं धरा, पंधरा-सोळा. शिवणाचा टेप घेऊन मोजा. दोन्ही दांड्या व्ही करून उभ्या नको, आडव्या पसरा, एका रेषेत, आणि ती रेषा न्यूयॉर्कच्या दिशेला आडवी यायला हवी, टोक तिकडे रोखायचं नाही. शक्यतो वरच्या मजल्यावर, ईशान्येच्या खिडकीशी. आणि तुमच्या चपट्या अँटेनाबरोबर जो अ‍ॅम्प्लिफायर आला असेल, यूएसबीवर चालणारा, तो काढून टाका.

सोटा :
काढायचा कशाला? सिग्नल कमी असेल तर वाढवायलाच हवा, साधी गोष्ट आहे.

निवांत :
सिग्नल वाढतो तसा कचराही वाढतो. लांब वायर असेल, दोन-तीन टीव्ही जोडायचे असतील, तर त्याचा उपयोग. सत्तावीस मैलांवर एका टीव्हीला कशाला? जवळच्या एखाद्या जोरदार चॅनेलने टीव्हीचा ट्यूनरच गुदमरतो आणि मग माणूस म्हणतो अजून मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणू.

सोटा :
माझ्याकडे बारा वर्षं चालतोय.

निवांत :
तुमच्याकडे छपरावर यागी आहे हो!! त्याला काही केलं तरी चालेल.

वैतागवाडी :
एक सेकंद, अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ती वायरमधली काळी डबी का, निळा दिवा लागतो ती? मला वाटलं तो प्लग आहे. ती लावलीय मी.

निवांत :
तीच.

वैतागवाडी :
अपडेट देते. शुक्रवारी संध्याकाळी येताना कानवाला आणला, अठरा डॉलर. टेपने मोजून पंधरा इंच केल्या. ईशान्येला नेमकं स्वयंपाकघर आलं, खिडकी ओट्याच्या वर आहे, तिथे मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला, पंचवीस फुटी वायर भिंतीच्या कडेने हॉलपर्यंत आणली. पुन्हा स्कॅन. ७ आला, ११ आला, १३ पण आला. मी किंचाळले, नवरा धावत आला, त्याला वाटलं भाजलं. २ आणि ४ सुद्धा आहेत, कडीमुळे असेल. चपटा परत पाठवतेय.

आता नवीन भानगड. आज सकाळी ओट्यावरचे दिवे लावले, कपाटाखाली चिकटवलेली ती एलईडी पट्टी, तर ७ नंबरवाली बाई वाक्याच्या मध्ये थिजली. दिवे बंद केले, बाई बोलायला लागली. तीन वेळा करून बघितलं, तीन्ही वेळा तेच. म्हणजे चहा अंधारात करायचा का?

निवांत :
स्वस्त एलईडीचा अ‍ॅडॉप्टर व्हीएचएफमध्ये गोंगाट करतो. अँटेना पट्टीपासून चार-पाच फूट लांब न्या, किंवा अ‍ॅडॉप्टर बदला.

वैतागवाडी :
चार-पाच फूट लांब म्हणजे फ्रिजच्या डोक्यावर. ठेवला. ७ टिकतोय, १३ मधूनमधून अडखळतो, पण १३ कुणी मागितलेला नाही. विमान साडेचारला उतरतंय, निघतो आम्ही. निवांत, खूप खूप आभार, खरंच.

कायदेपंडित :
फ्रिज भाड्याचा आहे का स्वतःचा?

भाऊसाहेब_नाशिक :
ताई, त्या कानवाल्यावर झी मराठी दिसतं का?