सल्ला हवा: शनिवारच्या चौघांसाठी कॅटाननंतर कुठला बैठा खेळ घ्यावा? (बेळगाव)

शहापूरच्या_सोंगट्या
नमस्कार मंडळी. वय ४४, पण खेळायची खोड काही गेली नाही. लहानपणी आई पडवीतल्या फरशीवर खडूनं चल्लस आठचा पट आखून द्यायची. पुढं व्यापार, कॅरम, बुद्धिबळ. आता शनिवारी जेवणं झाली की आमच्याकडं चौघं जमतात: मी, नववीतली मुलगी, ऑफिसातला एक मित्र (घरी कन्नड) आणि शेजारचे निवृत्त सर, वय ७१.

तीन वर्षं कॅटानच चाललंय: बेटावर वस्त्या वसवायच्या, फाशांवर जो आकडा पडेल त्या जागेचा माल मिळतो, आणि चोर बसला की त्या जागेचा माल बंद. मुलीनं सहा आणि आठच्या जागा आधीच धरायचं शिकून घेतलंय, आणि सात पडले की चोर हमखास सरांच्या गव्हात. मागच्या शनिवारी सर पत्ते खाली ठेवून उठले. "उद्या लवकर उठायचंय," म्हणाले. उद्या रविवार!

तर चौघांना जमेल, दीड तासात आटपेल, मधेच कुणी बाद होणार नाही असं काही सुचवा. पत्त्यांवर बारीक इंग्रजी नको. आणि "लहान पोरांगत काय खेळालाय" हा सल्ला मामांकडून मिळालेला आहे, परत नको.

खानापूरची_झड
कार्कासोन घ्या, डोळे झाकून. ७२ चौकोनी तुकडे, पाळी आली की एक उचलायचा आणि रस्त्याला रस्ता, गावाला गाव जुळवून लावायचा. वाचायला एक अक्षर नाही. आमच्याकडं सासूबाई कन्नडमधून भांडतात, मी मराठीतून, नकाशा मात्र बरोबर जुळतो.

फक्त पहिले दोन डाव शेतकरी (शेतात ठेवायची सोंगटी) बाजूला ठेवा. तो शेतात आडवा पडतो तो शेवटपर्यंत उठत नाही, आणि त्याच्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण गावाचे तीन गुण अगदी शेवटी मोजतात. नवख्याला वाटतं, आपण जिंकलो, आणि मग हा हिशेब निघतो. सर दुसऱ्यांदा उठून जातील.

कॅटान टाकू नका हो. घरचा नियम करा: ज्याचे दोनच गुण आहेत त्याच्या शेजारी चोर बसवायचा नाही. दोन फाशांच्या ३६ जोड्यांत सात सहा प्रकारे पडतात, म्हणजे चोर हलणारच. निदान गरिबाला सोडा.

निपाणीचा_डाव
माझं मत आझूल. रंगीत फरश्या पिशवीतून काढायच्या आणि आपल्या भिंतीवर बसवायच्या. पाच रंग, प्रत्येकी २०. तुकडे जाड, हाताला गार लागतात, सरांच्या बोटांनाही सोपे. पाऊण तासात डाव संपतो. दिसायला गोड, पण नको असलेल्या फरश्या दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सोय आहे, त्यामुळं तुमची मुलगी इथंही हात दाखवणारच.

एक जपा. ऑनलाइन अगदी स्वस्त दिसला म्हणून मी एक खेळ मागवला, तो नकली निघाला. तुकड्यांच्या पाठीचा रंग दोन तऱ्हेचा. उचलायच्या आधीच कुठला तुकडा ते कळायचं. पैसे परत मिळायला दीड महिना.

गल्लीतला_जुना
एवढे पैसे कशाला घालवता? चार कवड्या आणि खडू, तुमचं चल्लस आठच मांडा. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, दोन्हीला परत पाळी. तुमच्या कन्नड मित्राला चौकाबारा म्हणा, लगेच मांडी घालून बसेल. आणि कधी आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते बघून या. दशावतारी संच १२० गोल पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. तिघांत खेळतात, तुमच्यातला एक चहा करेल.

शहापूरच्या_सोंगट्या
@गल्लीतला_जुना कवड्या आहेत की! पण सर मनगट असं फिरवतात की आठच पडतात. शाळेत असताना शिकलोय म्हणतात.
पँडेमिक कसं? सगळ्यांनी मिळून खेळायचं, म्हणजे भांडण नाही.

खानापूरची_झड
त्यात पत्त्यांवर इंग्रजी वाचावं लागतं. शिवाय निवृत्त शिक्षक आहेत ना? तुमच्या तिघांच्या पाळ्या तेच खेळतील.

आणि काहीही घ्या, जूनच्या आत प्लास्टिकच्या पिशव्या घाला पत्त्यांना. बऱ्याच खेळांचं माप ६३ बाय ८८ मिमी असतं, पण आधी पट्टीनं मोजा. आमचे पत्ते एका पावसाळ्यात पापडासारखे वळले. आता डबा तांदळाच्या पिंपाशेजारी नाही, कपाटात वरच्या फळीवर.

शहापूरच्या_सोंगट्या
ठरलं, कार्कासोन. घ्यायच्या आधी एकदा खेळून बघता येईल का?

खानापूरची_झड
पुढच्या शनिवारी टिळकवाडीत बहिणीकडं आहे. डबा घेऊन येते. कुंदा तुमच्याकडून.

शहापूरच्या_सोंगट्या
अर्धा किलो. सरांना सांगितलं, चोर नाही. त्यांनी विचारलं, "मग ती पोरगी काय करणार?"