पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची आहे, मदत हवी आहे

सासूबाईंच्या वेळची पितळेची काही पातेली आणि एक मोठे तपेले माळ्यावरून काढून पुन्हा रोजच्या स्वयंपाकात आणायचे, असे आम्ही ठरवले आहे. चिंच-गुळाची आमटी किंवा ताकाची कढी उघड्या पितळेत कळकते, त्यामुळे आधी कल्हई करणे भागच आहे. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला भात्याने निखारे फुलवून भांडे तापवी, त्यात नवसागर टाकी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून असे झरझर फिरवी की भांडे पाहता पाहता उजळून निघे (तो पांढरा धूर मात्र नाकाला चांगलाच झोंबत असे). आता पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात असा कारागीर दिसत नाही. कसबा पेठेतील तांबट आळीत किंवा अन्यत्र घरगुती भांड्यांना कल्हई करून देणारे कोणी आपल्या माहितीत आहे का, आणि मजुरी नगावर ठरते की भांड्याच्या आकारावर?

माझी खरी काळजी वेगळी आहे. कथिलात शिसे मिसळलेले असल्यास ते अन्नात उतरण्याचा धोका असतो. तेव्हा शुद्ध कथिलाची खात्री आपण कशी करून घेता? शिवाय कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवू नये हे मला ठाऊक आहे. परंतु अशा पातेल्यात आपण थेट फोडणी करता, की ती वेगळ्या कढल्यात करून वरून घालता?