डॉ. ना. भा. खरे: १९३८ साली अन्याय झाला की ओढवून घेतला?

सीताबर्डीकर
नागपुरात डॉ. नारायण भास्कर खरे यांचं नाव निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक "बिचाऱ्यांचा बळी दिला", दुसरा "तेच ना, अलवरवाले?" (अलवर हे राजस्थानातलं संस्थान, तिथे ते पुढे दिवाण होते.) मी पहिल्या सुरातला.

जन्म पनवेलचा (१८८४), डॉक्टरकी शिकले लाहोरला, राजकारण केलं नागपुरात. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसचे पहिले पंतप्रधान (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच म्हणत). मंत्रिमंडळात पहिल्यापासून दोन तट. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे महाकोशलचे (प्रांताच्या हिंदी भागाचे) तिघे एकीकडे, खरे दुसरीकडे. मे १९३८ मध्ये पचमढीला काँग्रेसच्या वरिष्ठांनी समेट घडवला, तो टिकला नाही. २० जुलैला खरे यांनी राजीनामा दिला, बरोबर गोळे आणि रामराव देशमुख या मंत्र्यांनीही. महाकोशलचे तिघे मात्र अडून बसले. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केलं आणि खरे यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. दोन-तीन दिवसांत वर्ध्याहून, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठांकडून, दट्ट्या आला, पुन्हा राजीनामा, आणि गादीवर शुक्ल!

पंतप्रधानाला आपले सहकारी निवडता येत नसतील तर त्याने फक्त सह्या करायच्या का?

वैनगंगाकाठ
सहकारी निवडायला कोणाची ना नव्हती हो. पण ते गव्हर्नरच्या हातून काढायचे? ज्या खास अधिकारांविरुद्ध काँग्रेस १९३७ मध्ये काही महिने सत्ता नाकारून बसली होती, तेच अधिकार आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांवर चालवून घेतले. काँग्रेसची कार्यकारिणी २३ तारखेला वर्ध्याला बसणार होती. वर्धा नागपूरहून किती लांब? तेवढी कळ काढवली नाही.

सीताबर्डीकर
घाई गव्हर्नरची होती. कार्यकारिणीच्या ठरावातच त्याच्यावर रात्रीचा दिवस केल्याचा ठपका आहे. मग शिक्षा एकट्या खरे यांनाच का?

वैनगंगाकाठ
कारण गव्हर्नर काँग्रेसचा सभासद नव्हता. :)

मूर्तिजापूर_लोकल
अहो, मुळात भांडण मराठी-हिंदीचं होतं हे कोणी बोलून का नाही राहिलं? नागपूर-वऱ्हाडच्या मानसाले वर्धेत मान नाही, हे आमच्या आजोबांपासून ऐकत आलो. खरे गेले तेव्हा वऱ्हाडातल्या लोकायच्या जिवाले लागलं. त्याच सालच्या १ ऑक्टोबरले विधिमंडळानं वेगळ्या विदर्भाचा ठराव पास केला, तो काय हवेतून आला?

जुनी_कागदपत्रं
भाषेचा ताण होता, मान्य. पण खरे यांनी दुसऱ्या मंत्रिमंडळात कोणाला घेतलं ते पाहा: छत्तीसगडचे ठाकूर प्यारेलाल सिंह आणि दलित समाजातले अग्निभोज. दोघेही हिंदी भागातले. नुसता मराठी बाणा असता तर ही नावं आली नसती.

अग्निभोजांचा मुद्दा तर अजून धगधगता आहे. दलित मंत्री घेतला हे गांधीजींना रुचलं नाही, असं खरे पुढे उघड सांगत. आंबेडकरांनी हा आरोप काँग्रेसविरुद्ध वापरला. गांधीजींची 'हरिजन'मधली बाजू वेगळी होती: मंत्रिमंडळं लोकांपुढे पक्षाच्या नावाने गेली आहेत, त्यामुळे शिस्त कार्यकारिणीचीच. मला तरी खरे यांनी सेवाग्रामला केलं ते आवडतं. चुकीची कबुली देणाऱ्या निवेदनाच्या मसुद्यात गांधीजींनी फेरफार केले, आणि यांनी सही करायला नकार दिला. त्या काळी, त्या माणसासमोर, त्या खोलीत. सोपं नव्हतं ते.

वैनगंगाकाठ
सही न करण्याचं धैर्य मान्य. पण धैर्य पुढे कुठे गेलं? १९४२ चे लोक तुरुंगात असताना १९४३ मध्ये हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जाऊन बसले! एवढी चीड असेल तर स्वतःचा पक्ष काढायचा, बाहेरून लढायचं.

सीताबर्डीकर
तिथे बसून काय केलं तेही सांगा की. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांनी हिंदी लोकांवर जमीन-घराचे निर्बंध लादले, तर यांनी १९४४ मध्ये तिथल्या गोऱ्यांवर इथे जशास तसे निर्बंध लावायला लावले.

जुनी_कागदपत्रं
ते खरं आहे, आणि श्रेय द्यायलाच हवं. पण अलवर विसरून चालणार नाही. एप्रिल १९४७ ते फेब्रुवारी १९४८ ते तिथले दिवाण होते. त्याच काळात मेवांच्या (तिथल्या मुस्लिम समाजाच्या) कत्तली झाल्या, हजारोंना घरदार सोडावं लागलं. गांधीहत्येनंतर केंद्राने राज्याचा कारभार हाती घेतला आणि खरे यांना दिल्लीत राहायला लावलं. त्यांच्यावर कोर्टात काही सिद्ध झालं नाही, पण कारभारी तेच होते. पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष, मग पहिल्या लोकसभेत ग्वाल्हेरचे खासदार.

मूर्तिजापूर_लोकल
म्हंजे काँग्रेसनं हाकललं म्हणून तिकडं गेले. दोष कोनाचा?

वैनगंगाकाठ
भाऊ, हे पटत नाही. मुंबईत १९३७ मध्ये काँग्रेसचे नेते नरिमन यांचंही असंच झालं. नेतेपद हुकलं, खेर पंतप्रधान झाले, चौकशीचा निकालही नरिमन यांच्याविरुद्ध गेला. ते काही कोणा संस्थानाचे दिवाण होऊन दंगली बघत बसले नाहीत. अलवरचं खापर वर्ध्यावर फोडू नका.

सीताबर्डीकर
अलवरचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण १९४७ चा चष्मा लावून १९३८ चा न्याय करू नका एवढंच. ज्या शुक्लांना तेव्हा बसवलं ते १९४६ पासून १९५६ पर्यंत याच प्रांताचे प्रमुख राहिले, आणि राजधानी नागपूर असूनही इतकी वर्षं मराठी माणूस त्या खुर्चीवर आला नाही. हे वर्ध्याला दिसत नव्हतं का?