पहिल्या फिटनंतर लगेच गोळी सुरू केली नाही, तर आजार मुरतो का?

प्रश्न
माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात सकाळी दात घासताना फिट आली. जीभ चावली गेली, तोंडाला रक्तमिश्रित फेस आला आणि त्यानंतर अर्धा तास तो मलाही ओळखत नव्हता. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) निर्दोष असल्याने डॉक्टरांनी तूर्त औषध न देता वाट पाहण्यास सांगितले आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र आताच गोळी सुरू केली नाही तर आजार मुरेल, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
ताई, ही भीती जुनी आहे. प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट मोकळी करतो, असे विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्यांनी १८८१ सालीच मांडले होते. मात्र ब्रिटनमधील मेस या चाचणीत, ज्यांच्याबाबत औषध द्यावे की थांबावे याविषयी डॉक्टरच साशंक होते अशा १,४४३ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच औषध देण्यात आले आणि उरलेल्यांना गरज पडेपर्यंत थांबवण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लगेच औषध घेणाऱ्यांना पहिल्या दोन वर्षांत फिट कमी आल्या. परंतु तिसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान एकदाही फिट न आलेल्यांचे प्रमाण एका गटात ७६ टक्के, तर दुसऱ्यात ७७ टक्के होते. म्हणजे गोळी पुढची फिट टाळते, पण आजाराचे पुढचे वळण बदलत नाही. तान्ह्या बाळांच्या झटक्यांना हा हिशोब लागू नाही. तिथे उशीर करूच नये.

प्रतिसाद २
वरील माहिती योग्य आहे, पण ही फिट खरोखर पहिलीच होती का, हे मुलाला आवर्जून विचारा. मी त्याच वयाचा असताना सकाळी उठल्यावर हाताला हिसका बसून चहाचा कप उडायचा आणि घरचे मला वेंधळा म्हणायचे. ती किशोरवयातील मायोक्लोनिक, म्हणजे अचानक हिसके बसणाऱ्या, अपस्माराची खूण होती, हे मोठी फिट आल्यावरच कळले. या प्रकारात औषधाचा गुण चांगला येतो, परंतु ते बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि कार्बामाझेपिनसारख्या गोळीने हिसके वाढूही शकतात. त्यामुळे प्रकार ओळखणे गोळीच्या घाईपेक्षा महत्त्वाचे आहे. मी स्वतःच्या मनाने गोळी बंद केली होती आणि जागरणानंतर जिन्यावर फिट येऊन पडलो. तसे त्याला कधीही करू देऊ नका.

प्रश्नकर्ती
आज विचारले. परीक्षेच्या जागरणांनंतर सकाळी ब्रश दोन-तीनदा हातातून उडाला होता, पण त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. डॉक्टरांना कळवले असून, त्यांनी आता झोपेतील ईईजी करण्यासाठी बोलावले आहे.