नागपूरजवळच्या डोंगर-झुडपात बग्गीला वाट द्यावी का?

चढणीचा_माणूस
माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपूर जिल्ह्यात ऑफ-रोड बग्गी चालवायला आखून दिलेली, परवान्याची, चढ-उतार आणि झाडी असलेली एक वाट हवी. व्याघ्र प्रकल्पात नको, अभयारण्यात तर नकोच. पण पेंच व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या बाहेर झुडपी जंगलाची कितीतरी उघडी जमीन पडून आहे. त्यातला एक पट्टा या खेळाला दिला तर काय बिघडेल?

ज्यांनी बग्गी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन सीट, भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, मागे इंजिन, लांब चालीचं सस्पेन्शन आणि बटन टायर, म्हणजे उंच गुटक्यांचे खडबडीत टायर. दार नाही, काच नाही. टायरमध्ये हवा कारच्या निम्म्याहूनही कमी ठेवायची, म्हणजे रबर दगडावर पसरतं आणि पकड धरतं. लोकांना वाटतं ॲक्सिलरेटर दाबला की झालं. खड्या चढणीवर लो गिअर न टाकता तसंच रेटलं की सीव्हीटीचा, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरचा, रबरी पट्टा तापतो, जळक्या रबराचा वास येतो आणि पट्टा तुटला की गाडी चढणीच्या मध्यावर अडकते. उतरताना गाडी सरळ उताराच्या रेषेत ठेवायची आणि इंजिनाच्या ब्रेकवर सोडायची. तिरकी घातली की वरच्या बाजूची चाकं हलकी होतात. गाडी कलंडायला लागली तर माणसाचा हात आपोआप बाहेर जातो, आणि तोच हात पिंजऱ्याखाली येतो. हे सगळं शिकायला जागा लागते, शिकवणारा लागतो.

आज काय चाललंय? यातल्या बहुतेक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणीच होत नाही, म्हणून पोरं त्या टेम्पोवर चढवून नेतात आणि दिसेल त्या नाल्यात, पांदणीत, टेकडीवर उतरवतात. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, सोबत दुसरी गाडी नाही. अधिकृत वाट झाली तर हे प्रकार कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

आणि जंगलात गाड्या नकोतच असं कोणी म्हणणार असेल तर एक आठवण करून देतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या सगळ्या परवानाधारक गाड्या होत्या. मग पर्यटकांच्या जिप्सीला अभयारण्य खुलं आणि आम्हाला बाहेरचं झुडूपही नाही, हे मला पटत नाही.

मोहफूल
मी देवलापारच्या बाजूच्या गावातली आहे. तुम्ही ज्याला पडून असलेली उघडी जमीन म्हणता, ती आमच्यासाठी पडून नाही.

मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे अंधारातच टोपली घेऊन मोहाखाली जातात. फूल रात्री गळतं. उन्हं वर आली की ते कोमेजतं, शिवाय तोवर गुरं आणि हरणं खाऊन जातात. म्हणून वाकून, जमिनीवर नजर ठेवून, भराभर वेचायचं काम असतं. वर बघायला फुरसत नसते. अस्वलालाही मोह आवडतो, त्यामुळे त्या सगळ्या कान टवकारून असतात. पाला वाजला तरी हाक देऊन एकत्र येतात. अशा वेळी टेकडीमागून बग्गी घरघरत आली तर अस्वलाची चाहूल कशी लागणार? मे महिन्यात तेंदूपत्ता, मग पावसाळ्यात गुरं. तुम्हाला रिकामी जमीन कोणत्या महिन्यात दिसली ते सांगा.

जिप्सीचं उदाहरण देऊन तुम्ही उलट आमचीच बाजू मांडली. ठरलेला रस्ता, सोबत गाइड, वेगाला मर्यादा, गेटवर नोंद, एवढं असूनही वाघिणीला पिल्लांसकट अडवलं. जिथे गेटच नाही तिथे कोण कोणाला थांबवणार?

सातबारा_वाचक
मूळ धाग्यातल्या जमिनीच्या मुद्द्यावर बोलायलाच हवं, कारण अख्खा प्रस्ताव तिथेच अडतो.

झुडपी जंगल म्हणजे सरकारी पडीक असं विदर्भात वर्षानुवर्षं धरलं गेलं. त्यावर शाळा, कचेऱ्या, वस्त्या, रस्ते झाले. पण २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या जमिनी वनच समजायच्या, जंगल कशाला म्हणायचं याबद्दलच्या न्यायालयाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या अनुषंगाने. नागपूरसह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टरचा हा प्रश्न होता. १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जमिनींना न्यायालयाने दिलासा दिला. नव्याने काही करायचं तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. खेळाच्या मैदानासाठी तो प्रस्ताव कुठला कलेक्टर पुढे पाठवेल?

म्हणजे तुम्ही अभयारण्य सोडून झुडपी जंगल मागितलंत, ते कायद्याच्या नजरेत जंगलच मागणं झालं.

पिंजरा_वेल्डर
मी कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होतो. एसएई इंडिया या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेची ही बाहा स्पर्धा २००७ पासून चालू आहे, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ट्रॅकवर तिने नाव कमावलं. विद्यार्थी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून बग्गी बांधतात. आमच्या वेळी सगळ्या टीमना एकच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं, त्यामुळे फरक पडायचा तो वजनाचा, सस्पेन्शनचा आणि ड्रायव्हरचा. ट्रॅकवर जाण्याआधी तपासणी असे: सगळे पट्टे बांधलेला ड्रायव्हर पाच सेकंदांत गाडीबाहेर आला पाहिजे, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटाला दोरीचा अटकाव, इंजिन बंद करायचा लाल स्विच बाहेरून हाताशी. चार तास सलग चालणाऱ्या शेवटच्या शर्यतीत निम्म्या गाड्या कुठे ना कुठे मोडायच्या, आणि त्यातूनच आम्ही इंजिनिअर झालो.

नागपूरच्या मुलांना ती गाडी तपासून बघायला जागाच मिळत नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये विटा रचून अडथळे करावे लागतात. इतक्या चांगल्या हातांना थोडी खडबडीत जमीन मिळू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. चढणीच्या माणसाला माझा पाठिंबा आहे, फक्त जागा कुठली यावर मी हटून बसणार नाही.

उमरेडकर
अरे भाऊ, जंगल जंगल काहून करून राहिले तुम्ही? आमच्याकडे उमरेडले या. कोळशाच्या खाणीतून काढलेल्या माती-दगडाचे केवढे मोठे डोंगर उभे हायेत! वर चढाले वाट, खाली उतराले वाट, ना वाघ ना झाड. सावनेरले खाणीचं पर्यटन सुरू झालंच होतं ना, तसंच हे बी करा. गावातल्या पोराईले काम भेटन.

पहिली_पाळी
उमरेडकर भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण खाणीत नोकरी केलेला माणूस म्हणून मी याला साफ विरोध करतो.

ओव्हरबर्डनचा, म्हणजे या काढलेल्या माती-दगडाचा, ढिगारा डोंगरासारखा दिसतो, पण तो डोंगर नव्हे. खालून वर सगळी सुटी माती, दगड, शेल. डंपरने ओतलेली, पायऱ्या पायऱ्यांनी रचलेली. पावसाळ्यात पाणी आत मुरतं आणि अख्खी बाजू सरकू शकते. कडेला भेग पडली तर वरून ती दिसत नाही, कारण धुळीने भरलेली असते. आम्ही डंपरसुद्धा कडेपर्यंत नेत नाही, काठाला मातीचा बांध ठेवतो. काही ठिकाणी ढिगाऱ्यात राहिलेला कोळसा आतल्या आत धुमसत असतो. शिवाय चालू खाणीच्या हद्दीत बाहेरच्या माणसाला असं सोडताच येत नाही. सावनेरचं पर्यटन म्हणजे हेल्मेट घालून, रांगेत, अधिकाऱ्यासोबत खाण बघणं. तिथे कोणी गाडी उडवत नव्हतं.

ज्या ढिगाऱ्यांवर झाडं लावून झाली आहेत तिथे तर चुकूनही नको. ती माती धरून ठेवायला झाडांना वर्षं लागली आहेत.

टिटवी
मी पक्षी बघते, त्यामुळे माझा मुद्दा जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीचा आहे.

टिटवी घरटं बांधत नाही. मोकळ्या मुरमाड जागी चार खडे रचते आणि तिथेच अंडी घालते. अंड्याचा रंग मुरमासारखाच, ठिपकेदार. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाही, पक्षी डोक्यावर ओरडत फिरायला लागला की कळतं. रातवा तर तेवढंही करत नाही, पालापाचोळ्यावर बसून राहतो आणि शेवटच्या क्षणी उडतो. दोघांचाही विणीचा काळ उन्हाळ्यात येतो. माणसाला उजाड वाटणारी बरड टेकडीच त्यांना लागते. तिथे बटन टायर फिरले तर घरटं गेलं हे चालवणाऱ्याला कळणारही नाही.

आणि माती. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्टवरची काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते. ओल्या काळ्या मातीत चाकोरी पडली की पुढचं पाणी तिथूनच वाहतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे घळ होते. बग्गी मूळची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सने फोक्सवॅगन बीटलवरून मँक्स बनवली ती वाळूसाठी. भरतीच्या पाण्याने वाळूवरची चाकोरी पुसली जाते. आपल्या मातीत ती राहते.

चढणीचा_माणूस
सगळ्यांचं वाचलं. माझी बाजू सोडत नाही, पण नेमकं बोलतो.

टिटवी, तुम्ही वाळूचं सांगितलंत. त्याच मँक्स प्रकारची बग्गी १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातली पहिली मोठी शर्यत जिंकली, दगडधोंड्यांतून. अमेरिकेत युटामधल्या मोआबला उघड्या खडकावर रंगाच्या खुणा करून वाटा आखल्या आहेत, त्या सोडून बाहेर जायचं नाही. वाट खडकावरून नेली तर चाकोरी पडत नाही. रामटेक-मनसरच्या बाजूचे खडक बेसाल्टपेक्षा खूप जुने, कठीण आहेत. ओल्या मातीत चालवायचं नाही, पावसाळाभर बंद, हे मला मान्य आहे. वणव्याच्या हंगामातही बंद ठेवा. तापलेल्या सायलेन्सरखाली वाळलं गवत आलं तर काय होतं ते मला माहीत आहे. ऑक्टोबर ते जानेवारी एवढंच चालवू. त्यात मोह नाही, तेंदू नाही, टिटवीची अंडी नाहीत.

मोहफूल, एक विचारतो, राग मानू नका. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात की नाही? मग जंगलाला धोका फक्त आमच्याकडूनच आहे असं का?

मोहफूल
राग नाही. लागतात. म्हणूनच आमच्या गावात आता पाला झाडून बाजूला करतात, काही जणी झाडाखाली जाळी बांधतात. पण जाळणारी बाई त्यावर वर्षाचं मीठ-मिरची भागवते, तुम्ही सुट्टी घालवता. दोन्ही एका पारड्यात घालू नका. वनहक्क कायदा २००६ चा आहे. मोह-तेंदूसारख्या गौण वनोपजावरचा हक्क त्याने आम्हाला दिला, तुमच्या खेळाला दिलेला नाही. थंडीचे चार महिने म्हणता, त्याच महिन्यांत गुरं लांबवर चरतात आणि लाकूडफाटा गोळा होतो. मनसर-रामटेकच्या मागे पेंचपर्यंत झाडीची सलग पट्टी आहे, त्यातून जनावरं रात्रंदिवस ये-जा करतात. तुमची वाट तिथेच का हवी?

बॅटरीवाला
इलेक्ट्रिक बग्गी आणा. आवाज नाही, धूर नाही, सायलेन्सर तापत नाही. बाहातही इलेक्ट्रिक गाड्यांचा वेगळा गट आहेच. निम्मे प्रश्न मिटतात.

टिटवी
चाकोरी, धूळ आणि अंडी यांना बॅटरी असली काय नि पेट्रोल असलं काय, फरक पडत नाही. आणि वाकून मोह वेचणाऱ्या बाईच्या मागे आवाज न करता येणारी गाडी मला जास्त भीतीची वाटते.

कोंढाळी_बाग
मी संत्र्याचा शेतकरी, काटोल-कोंढाळी भागातला. तुम्ही सगळे सरकारी जमिनीवर भांडताय. आमच्या पट्ट्यात खासगी बरड कितीतरी आहे. उघडा बेसाल्ट, वर वीतभर मुरूम, चार बाभळी, दोन बोरी. त्यात काही पिकत नाही. नाले आहेत, कपारी आहेत, चढण आहे. भाड्याने दिली तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील.

पण अटी आहेत. बागेला लागून वाट नको. धूळ पानांवर बसली की कोळी ही कीड वाढते, आणि संत्र्याच्या अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत असतात, म्हणजे तुमच्या हंगामाच्या शेवटालाच. तेव्हा वाऱ्याच्या दिशेला बाग असेल तर गाडी बंद. विहिरीच्या आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तेल सांडणारी गाडी उभी करायची नाही. अपघात झाला तर जबाबदारी चालवणाऱ्याच्या विम्याची, जमीनमालकाची नाही, हे स्टँप पेपरवर.

पिंजरा_वेल्डर
हे जमण्यासारखं आहे. बेसाल्टच्या पायऱ्या सस्पेन्शनची खरी परीक्षा घेतात. आमच्या जुन्या टीमची पोरं वाट आखायला येतील.

चढणीचा_माणूस
झाडीतून जाणारी वाट मिळणार नाही हे मला अजूनही सलतं. बग्गी चालवणाऱ्या माणसाला झाड आणि जमीन जवळून कळतात, तो जंगलाचा शत्रू नसतो, हे मी पुन्हा सांगेन. पण कोंढाळीची जागा बघायला यायची माझी तयारी आहे.

सातबारा_वाचक
बघायला जाण्याआधी त्या गटाचा सातबारा काढा. त्यावर कुठे झुडपी जंगल अशी नोंद असेल तर तिथेच थांबा. नसेल तर जुने फेरफारही तपासा, कारण काही जमिनी मधल्या काळात नावावर चढल्या आहेत. वर्ग दोनची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, असेल तर भाड्याने देण्याआधीही परवानगी लागू शकते. शेतीऐवजी दुसरा वापर म्हणून अकृषक परवानगी लागते का ते तहसीलमध्ये विचारा. आणि शेजारच्या गटांची नावं लिहून घ्या. धूळ त्यांच्या बागांवर जाणार आहे, त्यांची सही आधी.

मोहफूल
सातबारा स्वच्छ असेल आणि शेजारी हो म्हणत असतील तर कोंढाळीच्या बरडाला माझा विरोध नाही. मनसरच्या पट्टीला मात्र आजही आहे आणि उद्याही राहील.