दोन वर्षांच्या कॉलेजातून जिऑलॉजीकडे वळणारी मुलं : मदत नेमकी कुठे करावी?

गारगोटी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्यांना विचारायचंय. इथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची. वर्गात येणारे बहुतेक जण 'एक लॅब सायन्स उरकायचंय' म्हणून आलेले असतात. त्यातल्या एखाद-दुसऱ्याला विषयाची गोडी लागते आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं ठरतं. विभागात पूर्णवेळ शिक्षक एकच, बाकी ॲडजंक्ट, म्हणजे सत्रापुरते नेमलेले अर्धवेळ शिक्षक.

१) अशा मुलांना या दोन वर्षांत काय घ्यायला सांगावं? जिऑलॉजीचे आणखी कोर्स काढून उपयोग होईल का?
२) लॅबमधल्या साध्या आकडेमोडीत वर्ग अडकतो. त्याचं काय करावं?
३) खनिजांचे ट्रे जुने झालेत आणि ॲडजंक्ट दर सत्राला बदलतात. थोडक्या खर्चात काय सुधारता येईल?

---

समोच्चरेषा

आणखी कोर्स काढू नका. फिजिकल आणि हिस्टॉरिकल जिऑलॉजी, दोन्ही लॅबसकट, एवढं पुरतं. मिनरॉलॉजी (खनिजशास्त्र) किंवा स्ट्रक्चर (खडकांच्या घड्या-भेगांचा अभ्यास) विद्यापीठात वरच्या वर्गाचे विषय धरले जातात. दोन वर्षांच्या कॉलेजात केलेले तसले कोर्स बऱ्याचदा नुसते 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतात. क्रेडिट मिळतं, पण विषय पुन्हा करावा लागतो.

गाडी अडते ती गणित आणि केमिस्ट्रीवर. विद्यापीठातल्या चार वर्षांच्या बीएस पदवीला सहसा कॅल्क्युलस, जनरल केमिस्ट्री आणि फिजिक्स लागतं. कॉलेज अल्जिब्रापासून सुरुवात करणारा विद्यार्थी एकही सत्र न चुकवता प्रीकॅल्क्युलस करत गेला, तरी कॅल्क्युलस १ तिसऱ्या सत्रात येतं. त्यावर आधारलेलं फिजिक्स बहुधा चौथ्यात. मधे एक सत्र गणिताला दांडी मारली की हे सगळं पुढे सरकतं. केमिस्ट्री राहिली तर त्याहून वाईट, कारण बहुतेक ठिकाणी ती मिनरॉलॉजीची पूर्वअट असते आणि मिनरॉलॉजी अनेक विद्यापीठांत वर्षातून एकदाच लागते. म्हणजे एका कोर्सपायी अख्खं वर्ष जातं. पेल ग्रँटची (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची) आयुष्यभराची मर्यादा पूर्णवेळ १२ सत्रांएवढी आहे, तेव्हा या जादा वर्षाची किंमत मोजावी लागते.

आणखी एक नेहमीची चूक. नर्सिंगच्या मुलांसाठी असलेली 'इंट्रो' केमिस्ट्री सोपी म्हणून घेतली जाते. मेजरसाठी ती सहसा चालत नाही. सायन्स मेजरवाली जनरल केमिस्ट्रीच हवी.

म्हणून ज्याला गोडी लागलेली दिसते त्याच्याशी पुढच्या सत्राच्या नोंदणीआधी बोला, सत्र संपल्यावर नाही. आणि आर्टिक्युलेशन कराराची (कॉलेजचा कुठला कोर्स विद्यापीठात कशाऐवजी चालतो, याची) यादी सोबत घेऊन बसा. 'क्रेडिट ट्रान्सफर होतं' एवढ्यावर विसंबू नका. समोरच्या विद्यापीठात तो कोर्स कुठल्या नंबरच्या कोर्सऐवजी धरतात ते पाहा. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' या संकेतस्थळावर हे कोर्सनिहाय दिसतं.

---

पी_लहर

दुसऱ्या प्रश्नावर. मुलं कुठे घसरतात ते आधी बघा, सरसकट 'गणित कच्चं' म्हणू नका. भूकंपकेंद्र शोधायच्या लॅबचं उदाहरण घ्या. भूकंपाची आधी पोहोचणारी पी लहर १०:१४:५२ ला, मागून येणारी एस लहर १०:१५:३१ ला. या दोन वेळांच्या फरकावरून केंद्राचं अंतर काढतात. खरा फरक ३९ सेकंद. बरेच जण कॅल्क्युलेटरवर १५३१ मधून १४५२ वजा करतात आणि ७९ लिहितात. जवळच्या भूकंपांना दर सेकंदाच्या फरकाला साधारण ८ किमी हा ढोबळ हिशेब लावला, तर ३१० किमीच्या आसपास यायला हवं तिथे ६३० येतं. मग तीन नोंद-ठिकाणांभोवती त्या अंतरानं काढलेली वर्तुळं एका जागी मिळत नाहीत, आणि विद्यार्थी कंपासला दोष देत बसतो. चूक ६० च्या हातच्याची आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

उपाय म्हणजे लॅबच्या सुरुवातीला त्याच दिवशी लागणारी एकच क्रिया, दहा मिनिटं, दोन उदाहरणं. वेळेची वजाबाकी असेल तर फक्त तीच. १:२४,००० च्या नकाशाच्या दिवशी १ सेमी म्हणजे २४० मीटर, एवढंच. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गणिताची उजळणी घेतली तर नकाशाच्या आठवड्यापर्यंत ती विसरलेली असते. कार्ल्टन कॉलेजच्या 'सर्क' या विज्ञानशिक्षण केंद्राच्या साइटवर 'द मॅथ यू नीड, व्हेन यू नीड इट' नावाची मोफत मॉड्यूल्स याच बेतानं केलेली आहेत.

---

कॅल्साइटप्रेमी

तिसऱ्या प्रश्नावर. खनिजांचा अख्खा संच विकत घेऊ नका. क्वार्ट्झ, गार्नेट, फेल्डस्पार वर्षानुवर्षं टिकतात. झिजतात ते मऊ : कॅल्साइट, जिप्सम, हॅलाइट, फ्लोराइट. क्लीव्हेजच्या (खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटतं त्यांच्या) कडा गोल झाल्या की मुलं रंगावरून ओळखायला लागतात, आणि मग कॅल्साइट आणि फेल्डस्पार यांत गोंधळ ठरलेला. तेवढेच बदला. (हॅलाइट म्हणजे मीठ, ते चाटून बघतात, तेव्हा ट्रेमधला तुकडा चाटू नये हे पाटीवर लिहा. त्यावर कॅल्साइट ओळखायचं हायड्रोक्लोरिक ॲसिडही पडलेलं असतं.)

काठिण्य तपासायला पेनी (एक सेंटचं नाणं) देत असाल तर साल बघा. १९८२ मध्ये धातू बदलला. त्यानंतरची नाणी आतून जस्ताची आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलामा खरवडला की ओरखडा जस्तावर पडतो, तांब्यावर नाही. जाड तांब्याच्या तारेचा तुकडा बरा.

ॲसिडच्या बाटलीवर नुसतं '१० टक्के' लिहिलेलं असतं. ३७ टक्क्यांचं १०० मिली ॲसिड ९०० मिली पाण्यात घातलं तर वजनानं ४ टक्क्यांच्या थोडंसंच वर येतं. कॅल्साइटवर फेस आणायला तेही पुरतं. खरे १० टक्के हवे असतील तर १०० मिलीला ३२० मिली पाणी. गॉगल घाला, ॲसिड पाण्यात ओता, उलट नाही. डोलोमाइट (कॅल्साइटसारखंच, पण मंद फेसाळणारं खनिज) आधी खरवडून भुकटी करा, नाहीतर फेस दिसणार नाही आणि 'नमुना चुकीचा आहे' म्हणून तक्रार येईल.

ॲडजंक्टसाठी प्रत्येक लॅबचं एक पान ठेवा : भरलेल्या ट्रेचा फोटो, उत्तरं, आणि 'इथे वर्ग अडकतो' अशा दोन ओळी. जाडजूड मॅन्युअल देऊ नका, वर्गाच्या आदल्या रात्री ते कोणी वाचत नाही.

---

गारगोटी

सगळ्यांचे आभार. फील्ड ट्रिपचं राहिलं. शनिवारी निम्मा वर्ग नोकरीवर असतो.

---

समोच्चरेषा

मग शनिवार सोडा. आवारातल्या इमारतींचे दगड लॅबच्या वेळेतच दाखवा. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, चुनखडीतले जीवाश्म, वाळूच्या दगडाचे पापुद्रे. रस्ता सपाट असतो, त्यामुळे व्हीलचेअरवाल्यालाही तोच धडा मिळतो. बाहेर गेलातच तर नॅशनल पार्कात दगड उचलायला बंदी आहे, हातोडे घरीच ठेवा. शैक्षणिक सहलीला प्रवेशशुल्क माफ होऊ शकतं, पण अर्ज आधी करावा लागतो.

एकट्यानं विभाग ओढत असाल तर नॅशनल असोसिएशन ऑफ जिओसायन्स टीचर्सचा दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी वेगळा विभाग आहे, 'जिओ-टूवायसी'. ॲडजंक्टनाही तिकडे वळवा.